लिटरच्या मापात न मावणारे इंधन

पेट्रोल पंपाच्या यंत्रावर ‘ई-२०’ अशी पट्टी आता देशभर दिसते. टाकीत पडणाऱ्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २०० मिलीलिटर इथेनॉल, म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून काढलेले अल्कोहोल आहे, असा तिचा अर्थ. या पट्टीभोवती दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की इथेनॉलमुळे गाडीचे अ‍ॅव्हरेज घटते. दुसरे असे की इथेनॉल हे पेट्रोलपेक्षा वरच्या दर्जाचे इंधन आहे. शर्यतीच्या गाड्या उगाच अल्कोहोलवर धावत नाहीत. दोन्ही विधाने एकमेकांना छेद देतात असे वाटते, आणि तरीही दोन्ही खरी आहेत. एकच इंधन एकाच वेळी उणे आणि सरस कसे असू शकते, हे कोडे सोडवायचे तर आधी आपले माप तपासावे लागते. आपण इंधन लिटरने मोजतो, कारण ते लिटरने विकत घेतो. पण इंजिन ते हवेच्या मापाने मोजते, गाडी चालवणारा अखेरीस किलोमीटरने मोजतो आणि ज्या जमिनीतून हे इंधन येते ती त्याची किंमत पाण्याने मोजते. हवा, किलोमीटर आणि पाणी ही तीन मापे हाती धरली, तर इथेनॉलवरच्या बहुतेक वादांची गाठ सुटते.

जुना तांदूळ, नवा तांदूळ

भात लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि नव्याला कमी पुरते. इंजिनातही असाच हिशेब चालतो. तिथे तांदळाच्या जागी इंधन असते आणि पाण्याच्या जागी हवा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला अवघी ९ किलो पुरते. कारण त्याच्या रेणूच्या रचनेत आहे. पेट्रोल मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असते आणि जळण्यासाठी लागणारा सगळा ऑक्सिजन ते हवेतून घेते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आधीच बसलेला असतो. वजनाने पाहिले तर इथेनॉलचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनच आहे. म्हणजे हा पाहुणा आपल्या शिदोरीचा काही भाग घरूनच बांधून आणतो. पण शिदोरीलाही वजन असते आणि ऑक्सिजन स्वतः उष्णता देत नाही. त्यामुळे एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१. लिटरमागे एक तृतीयांश तूट, ही गोष्ट निर्विवाद आहे.

आता इंजिनाच्या बाजूने पाहू. १०० सीसीच्या मोटरसायकलचा दट्ट्या खाली जाताना जास्तीत जास्त १०० घनसेंटिमीटर मिश्रण आत ओढतो. हे भांडे ठरलेल्या मापाचे आहे आणि ते जवळजवळ संपूर्ण हवेनेच भरते. इंधनाचा वाटा त्यात अगदी थोडा असतो. म्हणून इंजिनाची ताकद एका श्वासात किती हवा येते आणि त्या हवेत किती इंधन जळू शकते यावर ठरते. एक किलो हवेत पेट्रोल जाळले तर सुमारे २.९ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्याच एक किलो हवेत इथेनॉल जाळले तर सुमारे ३ मेगाज्यूल. कारण इथेनॉलला हवा कमी लागत असल्याने तेवढ्याच हवेत ते जास्त घालता येते. पातेल्यात पाणी तेवढेच असेल, तर नवा तांदूळ जास्त मावतो, तसेच हे. कोड्याचे पहिले उत्तर इथे मिळते. हवेच्या मापाने इथेनॉल पेट्रोलच्या बरोबरीचे आहे, म्हणून ताकद घटत नाही. लिटरच्या मापाने ते कमी पडते, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी जास्त लिटर लागतात. तूट असते ती फक्त टाकीत.

अ‍ॅव्हरेज नेमके किती घटावे?

ही तूट किती, याचे गणित कुणालाही मांडता येईल. इथेनॉलची ऊर्जा एक तृतीयांशाने कमी आणि त्याचा वाटा एक पंचमांश. म्हणजे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण साडेसहा टक्के ऊर्जा कमी असते. इंजिनात दुसरा काहीच बदल झाला नाही, तर ५० किलोमीटर देणारी गाडी ४७ च्या आसपास येईल. पण इथे एक गोष्ट सहसा निसटते. २०२२ च्या जूनमध्येच देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले होते. त्यामुळे आज बहुतेक लोक ज्या ‘पूर्वीच्या’ अ‍ॅव्हरेजशी तुलना करतात, ते शुद्ध पेट्रोलचे नसून ई-१० चे असते. ई-१० वरून ई-२० वर जाताना ऊर्जेतली घट साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. ५० किलोमीटरचे ४८ होतील, ४० नव्हे.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले अंदाज याच गणिताशी जुळतात. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकीत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के घट त्यात धरली आहे. एखाद्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १५ किंवा २० टक्क्यांनी घसरले असेल, तर ती तक्रार खोटी ठरत नाही. पण ऊर्जेच्या गणिताबाहेरचे आणखी काहीतरी बिघडले आहे, एवढे नक्की म्हणता येते. टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग, चिकटलेला ब्रेक किंवा जुन्या इंजिनात नव्या इंधनाशी न जुळलेले मिश्रण, असा शोध घ्यावा लागतो. तूट नाकारणाऱ्यांना आणि ती फुगवून सांगणाऱ्यांना, दोघांनाही हे गणित सारखेच बांधते.

इंधनाचा धीर

आता दुसरे विधान. इथेनॉल सरस कसे, हे समजायला ‘ऑक्टेन’ या शब्दाचा अर्थ लागावा लागतो. दट्ट्या वर येताना मिश्रणाला दाबून साधारण दहाव्या भागात कोंबतो. दाबले की वायू तापतो. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड गरम होते तसाच. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोचण्याआधीच दुसऱ्या टोकाचे मिश्रण आपोआप पेटते. झोका अजून मागे येत असताना कुणी त्याला पुढे ढकलले तर जो हिसका बसतो, तसा हिसका दट्ट्याला बसतो आणि इंजिनातून खटखट असा आवाज येतो. वेळेआधी न पेटण्याचा इंधनाचा गुण म्हणजे ऑक्टेन. त्याला इंधनाचा धीर म्हणता येईल. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ होता, ई-२० चा ९५ च्या घरात आहे आणि निव्वळ इथेनॉलचा तर १०८ च्या आसपास.

इथेनॉलच्या धीराला आणखी एका गुणाची जोड आहे. सॅनिटायझर तळहातावर घेतले की गार वाटते, कारण अल्कोहोल उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. एक किलो इथेनॉलची वाफ होताना ते एक किलो पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषते. त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारे मिश्रण थंड होते, थंड वायू कमी जागा व्यापतो, म्हणून हवा थोडी जास्त मावते आणि अवेळी पेटण्याचा धोकाही घटतो. शर्यतीच्या गाड्यांना अल्कोहोल हवेसे वाटते त्याचे रहस्य हेच. मात्र याच गुणाची उलटी बाजूही आहे. पेट्रोल हे शेकडो द्रव्यांचे मिश्रण असल्याने त्यातले हलके भाग थंडीतही पटकन उडतात आणि इंजिन सुरू होते. इथेनॉलला एकच उत्कलनबिंदू आहे, ७८ अंश सेल्सिअस. म्हणून निव्वळ इथेनॉलवर थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास होतो. ब्राझीलमधल्या गाड्यांत त्यासाठी बरीच वर्षे पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवावी लागत असे. २० टक्क्यांच्या मिश्रणात ही अडचण फारशी जाणवत नाही.

धीराचा उपयोग काय? धीर असलेल्या इंधनाला जास्त दाबता येते, आणि जितके जास्त दाबावे तितके त्याच उष्णतेतून जास्त काम निघते. दाबाचे प्रमाण दहास एकवरून बारास एक केले, तर कागदावरच्या आदर्श गणितात इंजिनाची कार्यक्षमता सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात लाभ याहून कमी असतो, तरी ई-२० च्या तुटीचा मोठा भाग भरून निघू शकतो. इथे सगळ्या चर्चेचा कणा आहे: इथेनॉलचा तोटा कोणत्याही इंजिनात आपोआप होतो, फायदा मात्र त्याच्यासाठी घडवलेल्या इंजिनातच मिळतो. जुन्या इंजिनाचे दाबाचे प्रमाण कारखान्यातच कायमचे ठरलेले असते. त्याला ९५ ऑक्टेनचे इंधन देणे म्हणजे दोन मजली घराला दहा मजल्यांचा पाया देण्यासारखे आहे. पाया पक्का आहे, पण त्यावर चढवलेले काही नाही.

चौकट: इथेनॉल आणि पेट्रोल, आकड्यांत

- एका लिटरमधील ऊर्जा: पेट्रोल सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉल सुमारे २१.
- एक किलो जाळायला लागणारी हवा: पेट्रोल १४.७ किलो, इथेनॉल ९ किलो.
- एक किलो हवेतून मिळणारी उष्णता: दोन्हींची जवळपास सारखी, ३ मेगाज्यूलच्या आसपास.
- ऑक्टेन: साधे पेट्रोल ९१, ई-२० सुमारे ९५, निव्वळ इथेनॉल सुमारे १०८.
- शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या लिटरमधील ऊर्जा: सुमारे साडेसहा टक्के कमी.

शिशाने हिरावलेली जागा

अल्कोहोलचा हा गुण शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, चिमूटभर घातले की इंजिनाची खटखट थांबते हे शोधले. अल्कोहोलनेही ती थांबते हे त्याच प्रयोगशाळेला माहीत होते. पण शिशाच्या संयुगाचे पेटंट घेता येत होते आणि ते अगदी थोडे पुरत होते. पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत आणि मुलांच्या रक्तात जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली ती २००० सालच्या फेब्रुवारीत, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. शिसे गेल्यावर ऑक्टेन वाढवण्यासाठी बेंझिनसारख्या सुगंधी गटातल्या द्रव्यांवर भर आला. त्यातले बेंझिन कर्करोगाला कारण ठरते. इथेनॉलकडे निव्वळ पेट्रोलची बचत म्हणून पाहिले की त्याचा हा मोठा उपयोग नजरेआड होतो. विषारी नसलेला, घरच्या घरी बनणारा ऑक्टेन म्हणून त्याची किंमत वेगळीच आहे.

धुराच्या बाबतीतही चित्र एकरंगी नाही. इथेनॉलसोबत येणाऱ्या ऑक्सिजनमुळे ज्वलन अधिक पूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड लक्षणीय घटतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत ठाम एकदिशी परिणाम दिसत नाही. आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हे डोळ्यांना व श्वासमार्गाला झोंबणारे द्रव्य इथेनॉलच्या ज्वलनातून वाढते. चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचा बंदोबस्त करतो. पण तो असला आणि चालू असला तरच.

जुनी गाडी आणि रबराच्या नळ्या

भातात पाणी किती, हे दोन तऱ्हेने ठरवता येते. एक स्वयंपाकी तांदूळ कोणताही असो, वाटी मोजून घालतो. दुसरी मधूनच शीत चेपून बघते आणि बेताने पाणी वाढवते. जुन्या मोटरसायकलींमधला कार्ब्युरेटर हा पहिल्या तऱ्हेचा. त्याच्या जेटचे भोक ठरलेले असते. इंधन कोणतेही आले तरी माप तेच. ई-२० ला दर किलोमागे साधारण साडेतेरा किलो हवा पुरते, पण शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला कार्ब्युरेटर १४.७ च्या हिशेबाने हवा देत राहतो. मिश्रणात हवा जास्त होते, मेकॅनिकच्या भाषेत ते ‘लीन’ होते. पिकअप मंदावतो, इंजिन अडखळते, तापते. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. त्यातला ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते चेपून बघतो आणि संगणक इंधनाचे माप बदलतो. ही व्यवस्था ई-२० ला बरीचशी सहज सामावून घेते. त्यामुळे ‘ई-२० चांगले की वाईट’ या प्रश्नाला गाडीचे साल विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

दुसरा प्रश्न रबराचा. इथेनॉल हा चांगला द्रावक आहे. काही प्रकारचे रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि नंतर तडकते. नळ्या, ओ-रिंग, गॅस्केट यांना त्याचा फटका बसू शकतो. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळही तो सैल करतो आणि मग फिल्टर तुंबतो. भारतात झालेल्या चाचण्यांत धातूंच्या भागांना विशेष अडचण दिसली नाही, पण रबरी भागांची कामगिरी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत उणी ठरली. २०२३ च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांत ई-२० सोसणारे साहित्य वापरले जाते. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दर सर्व्हिसिंगला इंधनाची नळी आणि फिल्टर तपासून घेणे शहाणपणाचे आहे. हा खर्च किरकोळ असला तरी खरा आहे, आणि तो लाखो लोकांवर पडणार असेल, तर त्याची कबुली धोरणातही असायला हवी.

पेट्रोलमध्ये पाणी असते का?

बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात थोडे पाणी घालून हलवले की तळाचा थर घातलेल्या पाण्यापेक्षा मोठा दिसतो. हे पाहून पंपावाल्याने पाणी मिसळल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पेट्रोलशी मिळते आणि दुसरे पाण्याशी. दोन्ही घरांशी नाते असलेला हा मध्यस्थ पाणी थोडे असेपर्यंत दोघांना एकत्र नांदवतो. पाणी प्रमाणाबाहेर गेले की तो पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतो. बाटलीतला वाढलेला थर म्हणजे पाणी आणि त्यात ओढले गेलेले इथेनॉल. किंबहुना, पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे मोजण्याची सोपी रीत म्हणून हीच चाचणी वापरतात.

मात्र धोका काल्पनिक नाही. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, म्हणजे दहा लिटरच्या टाकीत ५० मिलीलिटरच्या आसपास. ई-२० मध्ये याहून अधिक. त्यापुढे गेले की थर वेगळे होतात, आणि इंधनाचा पंप तळातूनच ओढत असल्याने इंजिनात आधी पाणी-अल्कोहोलच पोहोचते. रोज चालणाऱ्या गाडीत दमट हवेतून एवढे पाणी येत नाही. पण कोकणात किंवा गोव्यात चार महिन्यांच्या पावसात पत्र्याखाली उभी राहिलेली दुचाकी, झाकणाचे रबर गेलेली टाकी किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत झिरपलेले पावसाचे पाणी ही धोक्याची ठिकाणे आहेत. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल, तर झाकण घट्ट असू द्यावे आणि इंधन महिनोन्‌महिने जुने होऊ देऊ नये.

मळीपासून टाकीपर्यंत

इथेनॉल बनते ते यीस्टच्या पोटात. पाव फुगवणारा हाच सूक्ष्मजीव साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आंबवलेल्या द्रवात अल्कोहोल थोडे आणि पाणी फार असते, म्हणून आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, ते तापवून वाफ वेगळी करतात. पण ९५ टक्क्यांच्या आसपास गाडे अडते. त्यापुढे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढायला खास चाळणी लागते. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांना इतकी बारीक भोके असतात की पाण्याचा रेणू आत जाऊन अडकतो आणि त्याहून मोठा इथेनॉलचा रेणू बाहेरच राहतो. या कोरड्या अल्कोहोललाच इंधनात जागा मिळते.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध जुना आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाड इथे होते. कारण उघड होते: साखर कारखाने आणि त्यांची मळी. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते आणि शेवटी चाळीस-पंचेचाळीस किलो काळी, घट्ट मळी उरते. एक टन मळीतून सुमारे २२५ लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे एक टन उसामागे साखर काढून झाल्यावरही दहाएक लिटर. याउलट साखर न काढता सगळा रसच आंबवला, तर एक टन उसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. आसवनीला लागणारी वाफ आणि वीज उसाच्याच चिपाडातून, म्हणजे बगॅसमधून, मिळते. कोळसा जाळावा लागत नाही, म्हणून कार्बनच्या हिशेबात उसाचे इथेनॉल मक्याच्या इथेनॉलपेक्षा बहुधा सरस ठरते. शिवाय इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. साखर गोदामात पडून राहते तेव्हा ऊस उत्पादकांची बिले भागवायला कारखान्यांना त्यांचा आधार होतो.

शेताचे माप पाणी

पण याच जागी तिसरे माप पुढे येते. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात नोंदले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. दहा लिटर ई-२० मध्ये दोन लिटर इथेनॉल असते. ते थेट उसाच्या रसाचे असेल, तर त्यामागे साडेपाच हजार लिटरहून अधिक पाणी उभे आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावात येणाऱ्या दहा-बारा हजार लिटरच्या टँकरच्या जवळपास निम्मे. मळीपासूनच्या इथेनॉलला हा आरोप पूर्णपणे लागू होत नाही, कारण ते पाणी साखरेसाठी आधीच खर्च झालेले असते. तरी मळीला चांगला दर मिळू लागला की ऊसच परवडतो आणि उसाखालचे क्षेत्र वाढते, ही शंका रास्त आहे. मळीच्या प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर गडद, आम्लयुक्त सांडपाणी तयार होते, आणि ते नीट न हाताळले तर आसपासच्या विहिरी बिघडतात, हेही विसरता येत नाही.

मग धान्य? एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते आणि मक्याला उसापेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर केंद्र सरकारने डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधने आणली, ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवली. या काळात मक्याला मोठी मागणी आली. मका उत्पादकांना चांगला भाव मिळाला, पण कोंबडीखाद्य महागले. शिवाय इथेनॉल काढून उरणारा प्रथिनयुक्त चोथा जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला आणि लातूरसारख्या भागातल्या सोयाबीनच्या भावावर त्याचा दाब आला. शेतातली कोणतीही एक दोरी ओढली की दुसरीकडे ताण पडतो. म्हणून पिकाच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला; भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचे त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दिलेले आहे. पेंढ्यातला सेल्युलोज फोडून त्याची साखर करणे अवघड आणि खर्चिक आहे, त्यामुळे हा मार्ग अजून अरुंद आहे. पण पाण्याच्या मापाने मोजले तर योग्य दिशा हीच.

विजेची गाडी असताना अल्कोहोल कशाला?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. झाड सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेचा जेमतेम एखादा टक्का साठवते. छपरावरचे सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास विजेत रूपांतर करते, आणि विजेची मोटर ती वीज पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी वाया घालवते. एका एकरातून गाडी किती किलोमीटर चालेल असे विचारले, तर वीज इथेनॉलला फार मागे टाकते. म्हणून इथेनॉल हे वाहतुकीचे अंतिम उत्तर आहे असे म्हणणे टिकत नाही. पण देशात आज कोट्यवधी पेट्रोल दुचाकी आणि मोटारी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ अजून दहा-पंधरा वर्षे चालणार आहेत. त्यांना द्रव इंधन लागणारच. ते सगळे आयात कच्च्या तेलातून यावे, की काही भाग मळीतून, खराब झालेल्या धान्यातून, पेंढ्यातून यावा, एवढाच खरा प्रश्न आहे. या मर्यादेत इथेनॉलची जागा पक्की आहे. मर्यादा ओलांडून त्याच्यासाठी नवा ऊस लावू लागलो, तर ती जागा डळमळते.

सत्तर टक्क्यांचा धडा

ब्राझीलने १९७५ मध्ये तेलसंकटानंतर ‘प्रोआल्कूल’ हा कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलवर चालत होत्या. दशकाच्या अखेरीस साखरेचा भाव चढला, अल्कोहोलचा तुटवडा पडला आणि लोकांचा त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ नंतर, कोणत्याही प्रमाणात दोन्ही इंधने चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्यावर. आज तिथल्या पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल शेजारीशेजारी, वेगवेगळ्या दराने मिळतात. चालकांना एक साधा नियम पाठ असतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल घ्यावे, वर असेल तर पेट्रोल. या नियमात सगळी ऊर्जेची रसायनशास्त्रीय चर्चा सामावली आहे. तो ग्राहकाला लिटरऐवजी किलोमीटरने विचार करायला शिकवतो.

आपल्याकडे २०१३-१४ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल दीड टक्का होते. २०३० चे उद्दिष्ट पुढे ओढून २०२५ मध्येच २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. पुरवठ्याच्या बाजूने ही वेगवान प्रगती आहे. मात्र ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर बहुतेक पंपांवर साधे पेट्रोल म्हणून ई-२० हाच पर्याय उरतो, आणि लिटरमागची ऊर्जा कमी झाली म्हणून दर कमी झाला असे दिसत नाही. इथेनॉल बनवायला स्वस्त नाही, हे त्यावरचे उत्तर आहे आणि ते खरेही आहे. २०२४-२५ च्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१.८६ रुपये होता. पण मग ते इंधन स्वस्त म्हणून नव्हे, आयात घटवणारे आणि ऑक्टेन देणारे म्हणून वापरतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि त्या राष्ट्रीय लाभाचा भार जुन्या दुचाकीच्या मालकाने एकट्याने उचलू नये यासाठी दरात किंवा पर्यायात त्याचे प्रतिबिंब उमटले पाहिजे.

यातून करण्याजोग्या गोष्टी स्पष्ट दिसतात. नव्या गाड्या ई-२० फक्त सोसणाऱ्या नकोत. त्याच्या ऑक्टेनचा फायदा घेणाऱ्या, जास्त दाबाच्या इंजिनांच्या हव्यात, नाहीतर चांगला गुण फुकट जाऊन केवळ तूट पदरी राहते. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचा पर्याय काही वर्षे तरी उपलब्ध असावा. आणि इथेनॉलच्या खरेदीदरात कच्च्या मालाचा फरक आज जसा धरला जातो, तसाच त्याच्या पाण्याचाही धरला जावा, म्हणजे पेंढा आणि शेवटची मळी उसाच्या रसाच्या पुढे राहतील. इंजिनाला हवा पुरेशी मिळते आहे आणि ताकद टिकते आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. आता उरलेली दोन मापे, चालकाचे किलोमीटर आणि शेतातले पाणी, पंपावरच्या दरफलकापर्यंत आणि धोरणाच्या कागदापर्यंत पोहोचवायची आहेत.